पट्ट्यावरचा कान

रविवारची सकाळ होती. आमचे हे ऊसतोडीच्या मुकादमाशी फोनवर भांडत होते, टोळी दुसऱ्याच्याच फडात शिरली म्हणून. आमचा मुलगा शिवतेज साताऱ्याला कॉलेजात असतो. शनिवारी घरी येतो तेव्हा आधी त्याच्या मळक्या कपड्यांची पिशवी आत येते आणि मागून तो. ती पिशवी मशीनमध्ये रिकामी करून मी पोह्यांना कांदा चिरायला घेतला, तेवढ्यात परसदार वाजलं. पुढच्या दाराला पक्ष्याच्या आवाजाची चांगली बेल आहे. तरी मागच्या दाराच्या पत्र्यावर काठीनं ठोकणारं माणूस आमच्याकडे एकच येतं.

“सूनबाई, हायस का घरात, का गेलीस पारलरला?”

“आले, आले! पत्रा फुटेल मावशी.”

“फुटंना. तुजा नवरा नवा बशिवंल. ऊस काय कमी हाय व्हय त्येचा?”

दार उघडलं. धोंडुबाईच. कपाळाला बिरोबाचा भंडारा, दंडाला चांदीचं जाड कडं, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. दर वेळी तिच्याबरोबर हुलग्याचं नाहीतर मटकीचं गाठोडं असतं. आज काखेत घोंगडीची गुंडाळी होती, आणि ती तिच्या डोक्याच्याही वर गेली होती.

“हे काय आणलंत?”

“यष्टीत कंडाक्टर बी ह्येच इच्यारत हुता. म्हनला, म्हातारे, छत्री आत घे, लोकांना लागती. म्हनलं, घेती बाबा, लोखंडाची हाय, तूच जरा सरकून बस.”

स्वयंपाकघराच्या फरशीवर तिनं घोंगडी उलगडली. आत हात कोपरापर्यंत झाकणारा लोखंडी दस्ता, त्याच्या पोटात धरायची आडवी मूठ, आणि पुढं उभं केलं तर माझ्या छातीला लागेल एवढं लांब, सरळ पातं. कडेकडेनं तांबेरा चढलेला, पण मधला भाग तेलानं तुकतुकीत. शिवतेज न्हाणीतून टॉवेल गुंडाळूनच बाहेर आला आणि तिथंच नाचायला लागला.

“आई, दांडपट्टा! खरा आहे हा, खरा! मावशी, हा तुमच्याकडे होता?”

“मग काय तुज्याकडं आसंल? तू आदी इजार घाल.”

धोंडुबाई कवठे महांकाळकडची धनगरीण. आष्ट्याच्या आमच्या मळ्याशी तिचं नातं माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की त्यांचा कळप नदीकाठच्या या पट्ट्यात यायचा. रानात जाळी लावून रात्री मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत मातीला आणि त्याबदल्यात धान्य त्यांना. तिचा धनाजी आमच्याच बांधावर जन्मला. माझ्या सासूबाईंनी घरून गरम पाणी आणि सुंठ-गूळ नेऊन ते बाळंतपण केलं होतं. तेव्हापासून सासूबाई तिच्या आक्का झाल्या, आणि मी लग्न होऊन आले तशी आपोआप सूनबाई. माझे केस पांढरे व्हायला लागले, पण मी अजून सूनबाईच आहे.

चहा बशीत ओतून घेत तिनं कामाचं बोलायला सुरुवात केली. मेंढरं गेल्या उन्हाळ्यात विकली हे मला ठाऊक होतं. धनाजी शिरवळला कारखान्यात लागलाय, तेही. आज ती कायमची त्याच्याकडे निघाली होती.

“धनाजी म्हनतो, आये, खोलीत ह्ये ठिवायचं न्हाई. शेजारपाजारची मानसं काय म्हनतील, पोलीस इच्यारत्याल. जुन्या चिजा घेनारा येक जन बघून गेलाय, त्येला दिऊन टाकू म्हनला. मी म्हनलं, बरं बाबा. आन आज त्येला न सांगता हितं उतरली. तुज्या घरात ऱ्हाऊ दे. त्या मानसाच्या हातात गेला तर कुटल्या बंगल्यात जाईल, कुनाला दिसंल?”

“ठेवते की मावशी. पण एवढं काय आहे त्यात?”

“काय हाय? अगं, कान हाय आमचा.”

माझं बोट धरून तिनं पात्यावर मुठीच्या जवळ नेलं. तिथं दोन चंद्रकोरी ठोकलेल्या होत्या, पाठीला पाठ लावून, आणि त्यांच्या कडेला बारीक दाते. बोटाला आधी लागल्या, डोळ्याला मग दिसल्या.

“ह्यो कानाचा शेंडा वर. ह्या अंगाला येक कातरा, त्या अंगाला येक. आन हे बारीक बारीक लागतंय न्हवं, ती कानावरची लव.”

मेंढरांच्या कानाला खूण करायची रीत मला माहीत होती. कुणी शेंडा छाटतं, कुणी भोक पाडतं, कुणी मधे चीर देतं. पाण्यावर दोन कळप मिसळले की धनगर मेंढराचं तोंड बघत नाही, कान बघतो. धोंडुबाईच्या घराची खूण डाव्या कानाला, दोन्ही बाजूंनी अर्धचंद्र. आणि ती खूण या पात्यावर कशी आली, याची गोष्ट त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांचा कुणी पूर्वज फौजेत पट्टा चालवायचा. सरदार खूश होऊन म्हणाला, माग काय मागायचं ते.

“जमीन मागावी, गाव मागावं. तर ह्यो शाना म्हनतो, माज्या मेंढराचा कान काडा ह्येच्यावर, म्हंजी कळपाची आठवन आली की बगीन. आता सांग, आसल्या मानसाच्या घरात जमीन कुटनं येनार?”

आमचे हे फोन ठेवून आत आले होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते हसले आणि म्हणाले, “मावशी, जवान घरच्या आठवणीनं रडतो हे मी बघितलंय. मेंढराच्या आठवणीनं रडणारा तुमच्यातच. ठेवा इथं. मी ठाण्यात जाऊन काय नोंद करायची ते विचारून येतो.”

शिवतेजचं मात्र वेगळंच चाललं होतं. तो साताऱ्यात उदयसिंह सरांकडे मर्दानी खेळ शिकतो. पट्टा त्यांना दाखवायचा, आजच. नाहीतरी त्याला गाडीनं परत जायचं होतं, आणि धोंडुबाईला शिरवळ म्हणजे त्याच रस्त्यानं पुढं. मीही निघाले. तिला एकटीला तिथं सोडून यायचं, हे मनाला पटेना.

गाडीत ती पुढं बसली. शिवतेजनं सीटचा पट्टा लावायला सांगितला तशी म्हणाली, “मला बांदून न्यू नगंस रं, मी आपनहून येतीया न्हवं?” शेवटी लावला. वाटेत उसानं भरलेले ट्रॅक्टर एकामागं एक. कऱ्हाड येईपर्यंत ती बोलत होती. मी ज्या गोष्टी तुकड्यातुकड्यानं कितीदा ऐकल्या होत्या, त्या त्या दिवशी सलग ऐकल्या.

लग्न होऊन ती धनगराच्या तळावर आली तेव्हा तिला भाकरी येत होती, चालणं येत होतं, कान कापता येत नव्हता. तिच्या सासूनं, चंद्राबाईनं, तिला कातर दिली नाही. आधी पट्टा समोर ठेवला. रोज सांजचं त्या खुणेवरून बोट फिरवायचं, डोळे मिटून. बोटाला पाठ झाल्यावर मग कोकरू मांडीवर.

“आन पैल्याच कोकराचा मी उजवा कान कापला!”

“मग? सासूबाई ओरडल्या असतील.”

“न्हाई गं. दिसभर बोलली न्हाई माज्यासंगं. म्हनलं, आता काय खरं न्हाई. नंतर कळलं, बया हसू दाबत हुती. हसली आसती तर मी शेफारली आसती म्हनं. ती कोकरी पुडं लय वर्सं जगली. उजवी म्हनायचो तिला. वाट चुकली की कळप तिच्या मागनं जायचा.”

बिराप्पा, तिचा नवरा, चालता चालता गेला. कळप पुढं होता. तो वाटेच्या कडेला टेकला, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, आणि तळहात तसाच उघडा राहिला. पुढची काही वर्षं तिनं आणि धनाजीनं कळप ओढला. मग धनाजीला नोकरी, तिला गुडघे. व्यापारी आला, मेंढरं वेगवेगळ्या लोकांत वाटली गेली. कुठं गेली, हे व्यापाऱ्यालाही नीट सांगता आलं नाही.

“आता बाजारात मेंढरू दिसलं की म्या वाकून कान बगती. धनाजी म्हनतो, आये, लोक तुला चोर समजत्याल. समजूं दे. मी काय न्हेती व्हय?”

एवढं बोलून ती काचेतून बाहेर बघायला लागली. मग मला कळलं, ती रस्त्याच्या कडेचे कळप शोधत होती.

उदयसिंह सर म्हणजे आवाज भारी आणि वागणं मऊ. अंगणात सतरंजी घातली. हात धुऊन आले. पात्यावरून तेलाचा बोळा फिरवला, भिंग लावलं, बॅटरी मारली. दस्त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं, मुठीवरच्या वाघाच्या तोंडावरून ते सारखं बोट फिरवत होते. मग पात्याकडे आले आणि मुठीजवळच्या खुणेवर भिंग धरलं.

“मावशी, दस्ता आपल्याकडचा आहे, सुरेख आहे. पातं मात्र फिरंगी. युरोपातून आलेलं.”

“मंजी?”

“परदेशातनं जहाजानं पाती यायची. आपले लोक ती घ्यायचे आणि इथल्या मुठीला बसवायचे. लोखंड चांगलं, वाकून परत सरळ होणारं. ही जी खूण आहे ना, ही इटलीत जिनोआ नावाचं बंदर आहे, तिकडच्या पात्यांवर असायची. पुढं ती इतकी नावाजली की बाकीच्यांनीही उचलली, आपल्याकडच्या लोहारांनीसुद्धा. पण या पात्याची घडण बघता हे तिकडचंच वाटतं. अशा खुणेची पाती पुष्कळ आहेत.”

“म्हणजे ही मेंढराची खूण नाहीच!” शिवतेज बोलून गेला. “इटलीतनं आली, आणि मग तुमच्या कुणीतरी ती बघून मेंढरांवर...”

मी त्याचा पाय दाबला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. धोंडुबाईची चहाची बशी ओठाजवळ थांबली. मला एकदम वाटलं, कशाला आणलं हिला इथं. एवढे कान हिनं कापले, तिच्या सासूनं कापले, त्या सासूच्या सासूनं कापले.

बशी खाली ठेवून तिनं विचारलं, “लांब हाय का ते गाव?”

“समुद्रापलीकडं. फार लांब.”

“डोंगर हाय का तितं?”

“आहे. बंदराच्या पाठीला लागूनच डोंगर.”

“मग मेंढरं आसनार.”

“असतील की.”

“मग झालं तर. त्यो लोहार बी आमच्यातलाच कुनीतरी. पोटासाटी लोखंड ठोकत आसंल, मन सगळं मेंढरांत.”

सर मोठ्यानं हसले. हसता हसता म्हणाले, “तिकडं या खुणेला पापणी म्हणतात, मावशी.”

“पापनी?” तिनं एक डोळा मिटून खुणेकडं बघितलं. “म्हनूं द्या. तुमी पापनी म्हना, आमी कान म्हनू. मेंढरू दोनी घिऊनच जल्मतं.”

मला वाटलं, निभावलं. पण खरी अडचण पुढंच होती. सरांनी पातं मुठीजवळ किंचित वाकवलं आणि एक केसासारखी रेघ दाखवली. तिथं ते झिजलं होतं, चिरत आलं होतं. फिरवताना तुटलं तर समोरच्याच्या अंगात जाईल.

“मी एक सुचवू का? दस्ता भक्कम आहे. त्याला आपण नवं पातं बसवू, माझ्या ओळखीचा चांगला कारागीर आहे. दसऱ्याला पोरं हाच पट्टा घेऊन मैदानात उतरतील. इतकी वर्षं गप्प पडलेला पट्टा पुन्हा फिरेल.”

शिवतेजचे डोळे असे झाले की मला त्याच्याकडं बघवेना. तो पट्टा आपल्या हातात, हे त्यानं मनात केव्हाच बघून घेतलं होतं.

“आन ह्ये पातं?” धोंडुबाईनं विचारलं.

“ते कापडात गुंडाळून ठेवू. जपून. त्याला काही होणार नाही.”

खुणेवरून तिचा अंगठा सावकाश फिरत राहिला. सरांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. पट्टा फिरण्यासाठीच असतो. आणि तिनं तो आमच्या हवाली केला होता, म्हणजे ती अडवणार नाही हेही दिसत होतं. म्हणूनच मला विचारावं लागलं.

“मावशी, तुमच्या मनात काय आहे?”

“माज्या मनात काय. त्यो फौजंतला गेल्यावर आमच्यात कुनी त्येला फिरवला न्हाई, नुसता बगितला. मास्तर म्हनत्यात तसा फिरला तर त्येला बी बरं वाटंल. आडकून पडून त्यो बी कटाळला आसंल.” मग अगदी हळू, जणू पट्ट्यालाच सांगावं तशी म्हणाली, “पर कानाबिगर म्या त्येला वळखायची न्हाई.”

सरांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. शिवतेज सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत बसला होता. मग तोच म्हणाला, “सर, राहू दे असाच. न फिरणारा. मी शिकायचा तो साध्याच पट्ट्यावर शिकतो.”

सरांनी मान डोलावली. “बरोबर आहे तुझं. चिरीला तेल लावत जा, पण वाकवून बघू नकोस कुणाला दाखवायला.”

“आता कसा शाना झालास,” धोंडुबाईनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. “सकाळी टावेलावर नाचत हुतास मेल्या.” आणि पदरानं डोळे पुसले. पुसताना म्हणाली, तेलाचा हात लागला डोळ्याला.

पट्टा सरांकडेच ठेवला, पुढच्या शनिवारी शिवतेज तो घरी आणणार होता. खंबाटकीचा घाट ओलांडून शिरवळला पोहोचलो तेव्हा धनाजी रस्त्यावरच उभा होता, कारखान्याच्या कपड्यांतच. आईला उतरवून घेताना त्यानं आधी गाडीत डोकावून पाहिलं.

“आये, पट्टा?”

“दिला ठिवायला. सूनबाईकडं.”

मला वाटलं चिडेल. तर त्यानं मोठा श्वास सोडला. “बरं केलंस. वैनी, मला काय त्यो इकायची हौस न्हवती. हितं भिंतीत खिळा मारला तरी मालक वरडत येतो. पट्टा कुटं आडकवू, सांगा? त्या मानसाला फोन करून नको म्हनतो आता.”

खोली दुसऱ्या मजल्यावर. गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत धोंडुबाई चढली. नात स्वप्नाली क्लासला गेली होती, पण तिनं आजीसाठी खिडकीजवळची जागा रिकामी करून ठेवली होती, गादीवर धुतलेली चादर घातली होती. खिडकीतून महामार्ग दिसत होता, टेम्पो, कंटेनर, पलीकडं कारखान्यांची निळी छपरं. धोंडुबाई गादीवर बसली, उठली, परत बसली. घोंगडी मोकळीच तिच्याबरोबर आली होती. ती तिनं चादरीवर पसरली, तेव्हा कुठं नीट टेकली.

धनाजीनं चहा केला. आईला किती साखर लागते हे त्याला बरोबर ठाऊक होतं. शिवतेजला साताऱ्याला परतायचं होतं, मलाही आष्ट्याची गाडी पकडायची होती. निघताना मी तिच्याजवळ बसले आणि तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. पट्टा हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावेन. खंडेनवमीला भंडारा वाहीन, तेल लावेन. चिंच, पॉलिश, काही लावू देणार नाही. ती खूण कुणाला घासू देणार नाही.

“ते तू करशीलच,” ती म्हणाली. “त्ये सांगायला तुला मी काय शेजारीन हाय? माजं दुसरंच येक काम हाय.”

“सांगा ना.”

“उनाळ्यात तुमच्या रानात कुनाची ना कुनाची मेंढरं बसत्यात.”

“बसतात. यंदाही येतील.”

“त्यांचं कान बगत जा. कोकरांचं न्हवं, ती आता दुसऱ्याच्या कानाची आसनार. म्हाताऱ्या मेंढ्यांचं. डावा कान. आसला कान दिसला तर मला फोन कर. मी मागायला येनार न्हाई. जित्ती हाय, चरतीया, येवडंच सांग.”